शेवग्याच्या मुळाशी पुरलेल्या गोळ्या

तारोडीतल्या हौसाबाईच्या हाताला गुण आहे, असं सारी आळी म्हणायची. सावलीत सुकवलेल्या शेवग्याच्या पाल्याची पूड, अळिवाचे लाडू, काळ्या मनुकांचं पाणी. अंगात रक्त कमी म्हटलं की बाया तिच्याच दारात. त्या सकाळीही ती नारळाच्या पाण्यात अळीव भिजवत होती. सुनेला, रीमाला, सातवा लागला होता.

"पी गो, लोखंडावानी व्हशील," तिनं पेला पुढे केला. रीमानं तो संपवला.

दुपारी ताटं वाढली. आधी सासरा बाळाराम, मग नवरा भूपेश. बोटीवरून आलेले गडी ते; मासळीच्या तळलेल्या तुकड्या त्यांच्याच ताटात पडायच्या. बायांनी शेवटी बसायचं, ही घरची रीत. रीमा बसली तेव्हा भात आणि कालवणाचं पाणी उरलं होतं. हौसाबाईही तेच जेवली. तीस वर्षं तेच जेवत आल्यामुळे तिला त्यात वावगं दिसलंच नाही. मेली सवय, दुसरं काय!

वर आणखी एक खूळ. आरोग्यसेविका दर महिन्याला रक्तवाढीच्या लाल गोळ्या देऊन जाई. "गोल्या खाल्ल्या तं पोर कालं व्हतं," म्हणत हौसाबाई पाकीट काढून घेई. औषध फेकवतही नसे, म्हणून गोळ्या दारच्या शेवग्याच्या मुळाशी पुरी. शेवगा हिरवागार होता आणि रीमाच्या ओठांना रंग नव्हता.

"आई, चार पावलं चालले तरी धाप लागते."

"पयल्या खेपेला व्हतंच तसं."

आठव्यात रीमा मासळी साफ करता करता कोसळली. दवाखान्यात रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन पाच. "गोळ्या घेत नव्हतीस? पोटभर जेवत नव्हतीस?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. रीमानं सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिनं सासूचं नाव घेतलं नाही. त्यापेक्षा तिनं चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं हौसाबाईला झालं.

रक्त चढवलं, रीमा वाचली. पोटातली मुलगी वाचली नाही. हौसाबाईला काळं पोर नको होतं ना? तिच्या हातात दिलं ते पांढरंफटक होतं.

घरी येताच ती शेवग्याखाली बसून हातांनी माती उकरू लागली. "मीच मारली रं पोर," ती भूपेशला म्हणाली. "पाला घालत व्हते, न् घास काडून घेत व्हते."

"आये, मी तरी तिच्या ताटात कधी बघितलं?" भूपेश म्हणाला.

महिन्यानं शेजारची विमलाबाई आली. "आमच्या सुनेला पाचवा हाय. थोडी पूड दे गो."

हौसाबाईनं बरणी काढली, पण झाकण उघडलं नाही. "लाल गोल्या खाते ती?"

"न्हाय बाय, पोर कालं..."

"न् जेवते कवा?"

"आमच्या मागून. तुला काय ठावं न्हाय?"

"ठावं हाय, म्हणून तं इचारते." तिनं बरणी काखेत मारली. "चल तुज्या घरी. पूड देते, पण तिला पयलं वाढ. ती पोटभर जेवून गोली गिलेपर्यंत मी उठणार न्हाय."

"अगो, गडी उपाशी बसतील! लोक काय म्हणतील?"

"गडी थांबतील," हौसाबाई म्हणाली. "माझी नात थांबली न्हाय." आणि चपला पायात सरकवून ती विमलाबाईच्या पुढे चालू लागली.