इंजिनाचा तिसरा स्पीकर

आमच्या ह्यांनी, म्हणजे मधुकरनी, तिसरा स्पीकर मागवला तेव्हा मी ठरवलं की आता भांडायचंच. वीतभर लांबीचं ते वाफेचं खेळण्यातलं इंजिन. (‘खेळण्यातलं’ म्हटलेलं ह्यांना चालत नाही, ‘मॉडेल’ म्हणायचं.) त्यातली आवाजाची चिप बदलून झाली, स्पीकर बदलून झाला. दर वेळी चार दिवस खुशीत जायचे आणि मग तेच रडगाणं, “छे, आवाजात दम नाही.”

दम नाही म्हणे! नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते इंजिन सुरू झालं की खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारायच्या, मिक्सर बिघडलाय का?

तुर्भ्याच्या एका कारखान्यात, कॉम्प्रेसरच्या घरघराटात उभी नोकरी काढून हे निवृत्त झाले आणि या नादाला लागले. जेवणाच्या टेबलावर कायमचे रूळ मांडलेले. आम्ही दोघं सोफ्यावर मांडीवर ताट घेऊन जेवतो. त्याची माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती मायेची आहे. खरं दुखणं वेगळंच होतं. ह्यांना कमी ऐकू येत होतं आणि ते काही केल्या कबूल करत नव्हते. कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायचे, “तूच पुटपुटतेस.”

मग मी ओरडून बोलू लागले. पण ओरडून फक्त कामाचं बोलता येतं. दूध उतू जातंय, बेल वाजतेय, गोळी घ्या. संध्याकाळी चहा पिताना नवराबायको जे उगाच बोलत बसतात ते ओरडून कसं बोलणार? अख्खी सोसायटी ऐकेल. हळूहळू ते बोलणं बंदच पडलं. घरात माणूस असून मला करमेनासं झालं होतं.

तर तो तिसरा स्पीकर बसवायला रविवारी नंदकुमार आला. जुईनगरला राहतो, ऐरोलीला आयटी कंपनीत आहे आणि ह्यांच्याइतकाच इंजिनवेडा. येताना धुराचं नवं युनिटही घेऊन आला होता. जुन्यातून उदबत्तीसारखी नुसती एक रेघ निघायची. नव्यात बारकासा पंखा होता.

“काका, आता बघा. प्रत्येक छुकला एक भपकारा,” तो म्हणाला. “आवाज आणि धूर एकदम. चिपच पंख्याला सांगते. एकदम रियल!”

दोघांनी इंजिन उघडलं, तारा जोडल्या, बंद केलं, धुराड्यात तेलाचे थेंब सोडले. इंजिन निघालं. छुक झालं की धुराचा एक गोळा, पुन्हा छुक, पुन्हा गोळा. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा हातातलं काम टाकून बघत उभी राहिले. ह्यांची तर धुराड्यावरून नजर हलेना.

“वा! हा खरा आवाज!” हे म्हणाले. “याला म्हणतात स्पीकर!”

मी खुशीत नंदकुमारला आणखी शिरा वाढला. सुटलो एकदाचे, असं वाटलं. तेवढ्यात तेल संपलं आणि धूर थांबला. इंजिन मात्र फिरतच होतं, छुकछुक घरभर घुमत होती.

ह्यांचा चेहरा पडला.

“बघ,” ते म्हणाले, “गेला पुन्हा आवाज.”

नंदकुमारनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागला. तो त्याच्या हातातच होता.

एरवी मी फाडकन बोलले असते. पण बिचारे डोळ्यांनी ऐकत होते. मी टेबलापाशी गेले, मागून त्यांचे डोळे झाकले आणि कानाला तोंड लावून विचारलं, “सांगा, इंजिन चालू आहे की बंद?”

“हा काय पोरखेळ? बंद आहे. म्हटलं ना, आवाज गेला!”

मी हात काढला. इंजिन त्यांच्या पुढ्यातून वळण घेत होतं. एक पूर्ण फेरी त्यांनी नुसती पाहिली. मग बोट पुढे करून इंजिनाच्या पाठीला लावलं.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“पहिल्या स्पीकरपासून,” मी म्हटलं. ते मात्र ओरडावंच लागलं.

“काका, टेन्शन नका घेऊ,” नंदकुमार म्हणाला, “पण तिन्ही स्पीकर चांगले होते.”

पुढच्याच आठवड्यात ह्यांच्या कानात मशीन आलं. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी इंजिन सुरू केलं आणि दचकून मागे सरले. “बापरे! केवढा हा गोंगाट! खालच्या बाईंनी सहन कसं केलं?” मग आवाज कमी, आणखी कमी करत बसले.

मी स्वयंपाकघरातून ओरडले, “चहा टाकू का?”

“अगं, हळू! ऐकू येतंय.”

मी आधण ठेवलं. हळू बोलायची सवयच मोडली होती, काय बोलावं ते सुचेना. ओट्याकडे तोंड करूनच मी अगदी हळू म्हटलं, “मला तुमची फार आठवण यायची हो.”

बाहेर इंजिन थांबलं. हे दारात येऊन उभे राहिले.

“नाही ऐकू आलं?” मी विचारलं.

“आलं,” ते म्हणाले. “पुन्हा म्हण.”