सगळ्यांची संमती
हरेशकाका दुसऱ्या दिवशी आमचं बावखल बुजवणार होता. बावखल म्हणजे भुईगावच्या आमच्या वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. ते आहे म्हणून विहीर खारट होत नाही. काकाला तिथे लग्नाचा हॉल हवा होता आणि भरावाचे डंपर ठरलेसुद्धा होते. बाबा गेल्यापासून घरातलं सगळं काकाच ठरवतो, आणि माझं डोकं फिरतं ते यानेच.

"रोशनी, तुझ्याशी कोन वाद घालनार?" काका म्हणाला.

"माझ्याशी नको, याच्यात घाल," म्हणत मी लॅपटॉप ओटीवर ठेवला.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी हा प्रोग्राम वापरते. काळी खिडकी, बटणं नाहीत, नुसत्या ओळी टाइप करायच्या. आधी दोघांना मान्य असलेल्या गोष्टी भरायच्या. त्यांना मग कुणी हात लावायचा नाही. नंतर एकाने मुद्दा मांडायचा, दुसऱ्याने तोडायचा. उत्तर संपलं की हरला. प्रोग्राम कुणाचा पुतण्या नाही, त्यामुळे त्याला भीडभाड नसते.

"मान्य काय काय?" मी विचारलं.

"जागा सामायिक. सगळ्यांची संमती असली तर काय पन बांधता येतं. आनि संमती सगळ्यांनी दिलेली हाय."

पाडव्याला जागेत नाव असलेले सगळे जमले, बाबांच्या जागी आईसुद्धा, तेव्हा काकाने "कोनाचं काय म्हननं?" असं विचारलं होतं. कुणी बोललं नाही. आमच्यात त्याला होकारच धरतात. मीही ती ओळ मुकाट टाइप केली, शहाणी मोठी!

मग मी तुटून पडले. विहीर खारट होईल, म्हटलं. नळ आलाय, काका म्हणाला. तो एक दिवसाआड येतो, म्हटलं. टाकी बांधू, म्हणाला. शेवटी प्रोग्रामने ओळ दिली: विरोधी बाजूकडे उत्तर उरलं नाही, मुद्दा टिकला.

"बग, तुझ्याच मशीननं सांगितलं," काका हसला. रागाने मला रडू फुटलं.

आई दारात हात पुसत उभी होती. "सगळ्यांची संमती कुठं लिवलीस?"

मी ओळ दाखवली.

"त्यात मी हाय?"

"तू गप्प होतीस ना गं?"

"गप होते. हो कुठं म्हटलं? काढ ती ओळ."

"वहिनी, तवा बोललात नाय," काका चिडला.

"आता बोलते, भावजी. माझी संमती नाय."

आता ती ओळ मलाच मान्य नव्हती, म्हणून ती मान्य यादीतून काढून वादात टाकली. काकाचा अख्खा मुद्दा तिच्यावरच उभा होता. तो पडला. प्रोग्रामने काकाकडे उत्तर मागितलं. काकाने लॅपटॉप खाडकन मिटला.

"मशीनला काय कलतं? डंपर उद्या येनारच."

आईने प्लास्टिकची खुर्ची उचलली, बावखलाच्या अरुंद वाटेवर मधोमध टाकली आणि बसली.

"येऊ देत. डंपरवाले उठा म्हनाले तर त्यांना पन 'नाय'च म्हननार. तीस वर्सांत पयल्यांदा 'नाय' म्हटलं, आता सोपं जातंय."