कोरडं

निमगाव सावाच्या शिवारात कांदे काढायला आलेल्या टोळीत भागूचं खोपट सगळ्यांत कडेला, पाटाला लागून होतं. प्यायचं पाणी पाटाचं, धुणीभांडीही त्यातच. दीड वर्षाच्या पुष्पाला सकाळपासून ढाळ लागले होते. नवरा बहिरू कामावर गेला. त्याला काळजी नव्हती असं नाही, पण मुकादमाला विचारल्याशिवाय त्याला काळजीही करता येत नसे.

दुपारपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले, टाळू बसली. भागूनं पाण्याचा तांब्या तिच्या नजरेआड ठेवला. तिकडे डोंगरात, आहुप्याकडच्या त्यांच्या वाडीत, ढाळ लागलेलं पोर कोरडं ठेवतात. पाणी पाजलं की ढाळ वाढतात, हे सासूनं, लंकाबाईनं शिकवलेलं. तीन वर्षांपूर्वी थोरल्या पोराला, जानकूलाही भागूनं दोन दिवस असंच कोरडं ठेवलं होतं. तो पाणी मागत मागत गेला. देवानं नेलं, असं सगळे म्हणाले आणि तिनंही तेच धरून दिवस काढले.

आता हीपण जाणार, या धास्तीनं तिला खोपटात बसवेना. बांधावरून माणसं ये-जा करत होती, पण तिला नावानं हाक मारील असं त्यांत कुणी नव्हतं. पोरीला कडेवर घेऊन ती एकटीच गावातल्या दवाखान्यात गेली.

"पाणी पाजलंस का?" नर्सबाईंनी विचारलं.

"न्हाई बाई. थेंबसुदिक न्हाई." आपण नीट सांभाळलं, असंच तिला वाटत होतं.

नर्सबाईंनी पोरीची टाळू चाचपली. उकळून गार केलेल्या पाण्याच्या पेल्यात त्यांनी चमचाभर साखर आणि चिमूटभर मीठ ढवळलं आणि चमचा भागूच्या हातात दिला.

उन्हं कलेपर्यंत भागू चमचा चमचा पाजत राहिली. पोरीनं डोळे उघडले, चमचा धरला, मग भोकाड पसरलं. भागूला इतकं हलकं वाटलं, की तीही रडली.

"बाई, ह्ये औशिद नवीन निगालंय का?"

"औषध कसलं? मीठ-साखर आहे. तुझ्या घरात नसतं का?"

"असतंय," भागू म्हणाली. जानकूच्या वेळीही होतं. चुलीमागे, दोन डब्यांत.

तेवढ्यात खोपट रिकामं बघून शोधत निघालेला बहिरू धापा टाकत आला. पोरगी रडताना बघून त्याला हसू फुटलं.

"काय दिलं गं बाईंनी?"

भागूनं पेला पदराआड घेतला.

"औशिद," ती म्हणाली.