अंतरपाटाआडची दुर्बीण

घाटंजीच्या मंगल कार्यालयात निशिगंधा बोहल्यावर उभी होती. समोर अंतरपाट, पलीकडे वणीचा इंद्रजित, आणि तिच्या डोक्यात मात्र इंधन! आता नवरीच्या डोक्यात इंधन असावं का? पण तिची तरी काय चूक?

तीन वर्षं खपून तिनं आणि तिच्या सोबतच्या इंजिनिअरांनी अवकाशातल्या दुर्बिणीचा आराखडा केला होता. माणसाला राहता येतील असे दूरचे ग्रह शोधायचे, तर आधी त्यांच्या ताऱ्याचा झगमगाट झाकायला हवा. म्हणून दुर्बिणीपुढे, हजारो किलोमीटर लांब, मैदानाएवढा पडदा तरंगत ठेवायचा. तारा बदलला की हा अवजड पडदा सरकवायचा. त्यातच चार-पाच ताऱ्यांनंतर इंधन संपत होतं. आज संध्याकाळपर्यंत तोड निघाली नाही, तर समिती आराखडा बाद करणार होती. लग्न तर आपल्याकडच्या शिस्तीप्रमाणे चांगलं उशिरा लागत होतं. पहिल्या रांगेत तिची सहकारी सुरभी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती.

अंतरपाटाचं एक टोक बापूजींकडे, म्हणजे तिच्या मामांकडे होतं. मामा बुटके, नवरदेव ताडमाड. मामांचे हात भरून आले, कपडा घसरला आणि वरून इंद्रजितचं हसरं तोंड उगवलं.

"दादा, कपडा वर घे ना! नवरदेव दिसून राह्यला!" निशिगंधाची आई, शकुबाई, ओरडली.

"माह्ये हात गेले वं बाई! तुह्या पोरीलेच बसव ना जराशी खाली!"

निशिगंधा गुडघ्यात वाकली. इंद्रजित गडप. ती उठली, तो दिसला. पुन्हा वाकली, पुन्हा गडप. कपडा तिथंच, हलत होती फक्त ती. शकुबाईला वाटलं, पोरीला चक्कर येतेय.

"सुरभी!" निशिगंधा भटजींच्या माइकवर किंचाळली. "पडदा राहू दे! दुर्बीण हलव! दुर्बीण हलकी आहे!"

मागच्या पाहुण्यांना एवढंच कळलं, की माइकवर कोणीतरी जोरात ओरडलं, म्हणजे लग्न लागलं. अक्षतांचा मारा झाला, बॅन्ड सुरू झाला, मामांनी आनंदानं कपडा सोडून दिला.

"अहो, दोन मंगलाष्टकं बाकी आहेत!" भटजी ओरडत राहिले.

सुरभी आकडेमोड करत होती. निशिगंधा बोहल्यावरूनच मान उंचावून लॅपटॉपकडे बघत होती.

"इंधन पुरतं गं!" सुरभी खुर्चीवरच चढली. "यादीतले सगळे तारे होतात! समितीच्या साहेबांना फोन लावते!"

भटजींनी बॅन्ड बंद करवला. अंतरपाट पुन्हा धरला गेला, मंगलाष्टक पुन्हा सुरू झालं.

"काय झालं वं?" पलीकडून इंद्रजितनं हळूच विचारलं. "मले कोणी सांगून नाही राह्यलं."

तेवढ्यात सुरभीनं फोन हवेत नाचवला. "टिकला! आपला आराखडा टिकला!"

निशिगंधाला हसू आणि रडू एकदमच फुटलं. हे कोणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि सगळ्यांत आधी त्यालाच. मंगलाष्टक अर्ध्यावर असतानाच तिनं मामांच्या हातातून अंतरपाट ओढून काढला.