अधःपुष्पीला दिलेले आवतण

मित्रांनो, मी नव्या रायपुरातील एक अधःपुष्पी आहे. जुनी म्हणवून घेण्याइतके आयुष्य माझ्या कुळाला लाभत नाही. पावसाळ्यात उगवावे, हिवाळ्यापर्यंत फुलावे आणि दाणे मातीच्या स्वाधीन करून वाळून जावे, एवढाच आमचा जन्म. माझी फिकट निळी फुले धरित्रीकडे मुख करून उमलतात, म्हणून पूर्वसूरींनी मला हे नाव दिले.

येथील लोक ज्या मुरमाड माळाला भाठा म्हणतात, तेथे माझे पूर्वज सुखाने नांदले. पुढे राजधानी आली, रुंद रस्ते आले आणि आमच्या वाट्याला सरकारी वसाहतीच्या कुंपणालगतची चिंचोळी पट्टी उरली. यंदा तेथे मी एकटीच उगवले. माझे दाणे पिकले नसते, तर या भूमीवरून आमचे कुळच पुसले गेले असते.

दाणे हिरवे असतानाच एका संध्याकाळी विमलाबाई माझ्यापाशी येऊन बसल्या. त्या जुन्या रायपुरातील तात्यापारा या मराठी वस्तीतून मुलाकडे राहायला आल्या होत्या. माझ्या मुळाशी अक्षता ठेवून त्या म्हणाल्या, "उद्या पूजेले येजो वं माय." वनस्पती तोडण्याआधी तिला आदल्या दिवशी आवतण द्यावे, ही त्यांच्या माहेरची रीत. मला मात्र त्या उद्याचे भय वाटले.

सकाळी त्यांच्या परडीपाठोपाठ गवत कापण्याचे यंत्र आले. वसाहतीची स्वच्छता पाहणारा त्यांचा मुलगा पराग ते चालवत होता.

"आई, बाजू हो. कचरा है ये."

"कचरा काहून? मी आवतण दिलं हाय हिले. पाव्हणीवर मशीन चालवतं काय रे?"

"तो जल्दी तोड ले ना! तुझं झालं की मी कापतो."

दोन्हीकडून मरणच! विमलाबाईंनी माझी फांदी हलकेच वर केली. पाकळ्या गळालेल्या हिरव्या पेल्यात चार कोवळे दाणे एकमेकांना बिलगून बसले होते. त्यांची बोटे थबकली.

"अवं माय, पोटुशी हाय हे!"

त्यांनी परडी मागे घेतली. "आज नाही नेत. उद्या पाहू. तोवर आवतण कायम."

तो उद्या काही येईना. पराग चिडून विचारी, "आई, पाव्हणी कधी जाणार?"

"पाव्हणीले तारीख विचारतं काय? तुही सासू दोन महिने राह्यली, तवा विचारलं होतं?"

तो यंत्र वळवून परते. पण एके दिवशी पाते अगदी जवळून गेले. शेजारचे गवत कापले जाऊन माझ्या अंगावर पडले. त्याच्या ओल्या वासात मी उभी राहिले. एकही दाणा अजून सुटला नव्हता.

आज सकाळी शेवटचा करडा दाणा मुरमात पडला. विमलाबाईंनी माझ्या रिकाम्या पेल्यांवरून बोट फिरवले आणि हाक मारली, "पराग, काप आता."

मित्रांनो, आम्हाला कधीच कापू नका, असे मी म्हणत नाही. फक्त दाणे पिकेपर्यंत धीर धरा. आमच्याकडे दुसरे वर्ष नसते. यंत्राची घरघर आता जवळ आली आहे. येऊ द्या. मला भय वाटत नाही.