डोहातून काढलेला गुंड

मी एक जुना पितळी गुंड आहे. हसू नका मित्रांनो, मी कुणाला दमदाटी करत नाही. आमच्या बालाघाटकडच्या मराठी घरांत पाण्याच्या मोठ्या भांड्याला गुंडच म्हणतात. पंचेचाळीस वर्षं मी वैनगंगेच्या डोहात, गाळात रुतून पडलो होतो. तिथं निदान निवांत होतो. वर आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

भंडाऱ्याच्या कारागिरानं मला ठोकून घडवलं. राजेगावच्या पुनारामानं मला थोरल्या लेकीच्या, गोदाबाईच्या, लग्नात आंदण दिलं. माझ्या खांद्यावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं घातली, ‘चि. सौ. कां. गोदाबाई हीस, पुनाराम, राजेगाव’. सासरी दोन वर्षं मी तिच्या कमरेवर बसून विहिरीवर गेलो-आलो. ती मला चिंचेनं घासायची आणि शेजारणी म्हणायच्या, “पाह्य वो, गोदीचा गुंड कसा चमकते!” मग मी असा फुगायचो, की विचारू नका.

पुढे माझं बूड झिरपायला लागलं. पोळ्याला माहेरी येताना गोदाबाईनं भोकावर धातूचा डाग लावून घ्यायला मला सोबत आणलं. राजेगावच्या कारागिरानं डाग लावला खरा, पण ओबडधोबड. आतून तो हाताला टोचायचा. त्या डागाची मला लाज वाटायची. आज त्याचे उपकार मानतो.

परत निघायच्या दिवशी बहिणी-बहिणींचं भांडण झालं. धाकटी जिजा तेव्हा नऊ वर्षांची. गोदाबाईच्या गळ्यात लांजीच्या जत्रेतली निळ्या काचमण्यांची माळ होती. जिजाला ती हवी होती, गोदाबाई देईना. जिजा पाय आपटत ओरडली, “जाय मंग! येऊच नको परत!”

आमच्याकडे लेकीचं भांडं माहेराहून रिकामं जात नाही. आईनं माझ्यात पसाभर तांदूळ घातले. सगळे ओटी भरण्यात गुंतलेले पाहून जिजा हळूच आली आणि तिनं आपले खेळायचे पाच पांढरे खडे तांदळात खुपसले. नदीवर हिंडून, एकसारखे निवडून आणलेले खडे होते ते. तोंडानं माफी मागायला तिला लाज वाटली असावी.

सासर नदीपलीकडे, आणि नदी दुथडी भरून वाहत होती. नावाडी नथ्थूनं आपला कंदील नावेच्या टोकाला बांधला आणि नाव सोडली. मधल्या धारेत गोदाबाईनं सहज माझ्यात हात घातला. हाताला खडे लागले. तिनं ते मोजले, पाच भरले, आणि ती एकटीच हसली. “नथ्थूभाऊ, लहानी माही येडी आहे,” असं म्हणून तिनं गळ्यातली माळ काढली आणि खड्यांवर ठेवली. दिवाळीला येईन तेव्हा जिजीला देईन, असं पुटपुटली. हे मी आणि नथ्थूनंच ऐकलं.

थोड्याच वेळात पुरातला एक मोठा ओंडका नावेवर आदळला. बाकीची माणसं कशीबशी काठाला लागली. गोदाबाई आणि नथ्थू लागले नाहीत. नंतरही सापडले नाहीत.

आता हेमराजची गोष्ट सांगतो. हेमराज गोताखोर आहे. कुणी बुडालं की लोक त्यालाच हाक मारतात. एका दमात तळ गाठतो आणि बुडालेलं माणूस घरच्यांच्या हवाली करतो. त्याबद्दल तो कधी काही मागत नाही. माणूस वाईट नाही हो. पण या उन्हाळ्यात पाणी उतरलं, त्याला आमची नाव दिसली आणि त्याला मोह पडला. त्याचं म्हणणं असं, की जीव मी धोक्यात घालतो, नदीनं टाकलेलं मी काढतो, तर ते माझं. शिवाय मी काढलं नसतं, तर वाळूनं गिळलंच असतं. हे त्याचं बोलणं अगदीच खोटं नाही, म्हणूनच मला त्याचा राग येतो आणि येतही नाही.

आधी त्यानं नथ्थूचा कंदील काढला आणि रस्त्यावरच्या एका ढाब्याला विकून टाकला. मग माझी पाळी आली. गाळानं मी जड झालो होतो. दोरीनं वर ओढता येईना, म्हणून त्यानं पाण्यातच मला पालथं केलं आणि दोन हिसके दिले. गाळ गेला, खडे गेले, मणी गेले. मी आतल्या आत किती आकांत केला! पण भांड्याचा आवाज कुणी वाजवल्याशिवाय निघत नाही.

घरी त्याच्या बायकोनं, रूपालीनं, मला बाहेरून घासलं आणि अक्षरं वर आली. हेमराज लगेच कानस घेऊन बसला. “नाव घातलेलं भांडं कोणी घेत नाही, पूछताछ होते,” असं म्हणत त्यानं ‘चि.’ खरवडूनसुद्धा टाकला. रूपालीनं त्याच्या हातातून कानस हिसकली.

“लेकीचं भांडं आहे हे. आत काय होतं?”

“गाळ. न् काही गोटे.”

“लेकीचं भांडं कधी रिकामं जाते का? आपल्या पोरीले तुमी रिकामं भांडं देल्लं होतं काय? पाह्यलं काहून नाही?”

स्वतःच्या मुलीच्या पाठवणीला हेमराजनंच तांदूळ भरले होते. पाण्यातून काढलेलं भांडंही कुणाच्या तरी घरचं असतं, हे तो विसरून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर बसून आम्ही तिघं पुनारामाचं घर विचारत राजेगावला गेलो. जिजाबाईचं माहेर-सासर एकाच गावात. आता तिचे केस पिकलेत. तिनं माझ्या खांद्यावरून बोटं फिरवली, ‘गोदाबाई’वर थांबली.

“आत पाच पांढरे खडे होते का रे, भाऊ?”

“गोटे होते, मावशी. मी... मी मोजले नाही. डोहात टाकून देल्ले.”

“तिनं पाह्यले असतील का? मी तिले येऊ नको म्हणलं होतं. खडे पाह्यले असतील, तं तिले समजलं असंन.”

मित्रांनो, मला ठाऊक होतं! मी तिच्यासमोरच बसलो होतो आणि सांगू शकत नव्हतो. ज्या वस्तूंनी सांगितलं असतं, त्या डोहात विखुरल्या होत्या.

जिजाबाईनं तो जुना डाग चाचपायला माझ्यात हात घातला. डागाच्या खरबरीत कडेला वाळलेला गाळ चिकटला होता. तिनं नखानं तो उकरला, तेव्हा बोटावर एक निळा मणी आला.

तिनं तो उजेडात धरला. मग हसली, नऊ वर्षांच्या पोरीसारखी. “माळ काढून ठेवली तिनं. माह्यासाठी काढली! खडे सापडले तिले, हौ, सापडले!” आणि मग ती रडली. रूपालीही रडली. हेमराज अंगणात जाऊन पाठमोरा उभा राहिला.

डोळे पुसून जिजाबाईनं विचारलं, “नथ्थूचं काही निघालं का? त्याचा रवी लामत्याले राह्यते. अजूनही बापाची वाट पाह्यते तो.”

हेमराज वळला, पण मान वर करेना. “कंदील निघाला होता, मावशी. ईकून टाकला.”

“त्याच्यात काय होतं?”

“पाह्यलं नाही.”

मित्रांनो, बुडालेली वस्तू कुणी टाकून दिलेली नसते. तिला हात लावायच्या आधी तिचा माणूस शोधा. काढावीच लागली, तर आधी आत बघा. पालथी तर कधीच करू नका.

मी आता जिजाबाईच्या फळीवर आहे. ती मला रिकामं ठेवत नाही, पसाभर तांदळात तो मणी असतो. पण मला स्वस्थता नाही. आम्ही राजेगावला गेलो त्याच दुपारी हेमराज कंदील परत मागायला ढाब्यावर गेला. मालकानं कंदील आतून-बाहेरून रंगवून त्यात दिवा बसवला होता.

“आतलं?” हेमराजनं विचारलं.

“साफ करून फेकलं,” मालक म्हणाला.

तेव्हापासून हेमराज रोज ढाब्यामागचा उकिरडा चाळतो आहे.