रक्तदाते डॉट पीएचपी

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. माझे नाव 'रक्तदाते' आणि नावापुढे टिंब देऊन 'पीएचपी'. सिंदी रेल्वे या गावच्या रूपालीने स्वतःच्या हाताने लिहून चालवलेली पहिली फाइल मीच, हे सांगताना आजही माझी छाती फुगते.

रूपालीची धाकटी बहीण अंजू हिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. तिला रक्त चढवायची वेळ आली की घरचे सगळे सावंगीच्या दवाखान्यात फोन घेऊन बसत. याला विचार, त्याला विचार. शेवटी रूपाली म्हणाली, "मी रक्तदात्यांची वेबसाइटच बनवीन."

वडील अण्णाजी हसले. "फोन आहे ना हातात! मंग हे लफडं काऊन?"

"फोनमंदी आपल्या ओळखीचेच लोक राह्यतात, बाबा."

असा माझा जन्म झाला. मला भावंडेही होती. 'एचटीएमएल' पानाची चौकट उभी करी, 'सीएसएस' तिला रंगरूप देई, बटण दाबले की 'जेएस' जागा होई आणि मी सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवतात त्या कॉम्प्युटरवर, बसून रक्तदाते शोधून आणी. टिंबापुढची ही अक्षरे म्हणजे आमचे एक्स्टेन्शन, जणू आडनावच. माणसाचे काम आडनावावरून ठरवणे वाईटच. रूपालीच्या आज्याने ते सोसले होते. आम्हा फाइलींना मात्र त्या अक्षरांवाचून कोणी कामाला लावत नाही.

मी खूप राबले. सेलू, हिंगणघाट, वर्धा, कुठून कुठून लोक मला हाक मारत. एकदा अंजूसाठीही मीच दाता शोधून दिला. तेव्हा अण्णाजी शेजाऱ्यांना सांगत सुटले, "माह्या पोरीनं बनवलं हे!"

मग एक कठीण दुपार आली. रूपालीचा मित्र धनंजय अल्लीपूरचा, पण त्या दिवशी तिच्याच घरी कामाला बसला होता. आपल्या गावचे दाते शोधता यावेत म्हणून त्याने माझा मजकूर कोऱ्या नोटपॅडमध्ये उतरवला, त्यात दुरुस्ती केली आणि सेव्ह केला. सर्व्हरवरची जुनी प्रत काढून त्याने मला चढवले. थोड्याच वेळात अल्लीपूरच्या कवडूचा रूपालीला फोन आला. त्याची बायको अन्नपूर्णा सावंगीच्या दवाखान्यात बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. "ओ निगेटिव्ह पायजे, ताई! तुमच्या साइटवर तं पान सापडलं नाही म्हून येऊन राह्यलं!"

रूपाली धनंजयकडे धावली. "फाइल कुठं गेली?"

"इथंच तं आहे! पाह्य ना, पीएचपीच लिवलं आहे."

"कॉम्प्युटर शेवटचं एक्स्टेन्शन लपवून ठेवते, धनंजय. पूरं नाव दाखव."

तिने लपलेली अक्षरे दिसतील अशी सेटिंग केली. माझ्या पीएचपीपुढे आणखी एक टिंब होते आणि त्यापुढे 'टीएक्सटी'! नोटपॅडने मला साधा मजकूर करून टाकले होते. सर्व्हर माझे नाव शोधत होता आणि मी समोर असूनही त्याला सापडत नव्हते. मित्रांनो, तेव्हाची माझी तडफड कशी सांगू?

रूपालीने ती अक्षरे पुसली आणि मला पुन्हा चढवले. कवडूने बटण दाबले. मी धावले आणि सावंगीतच शिकणाऱ्या अश्विनचे नाव घेऊन परतले. तो वर्ग सोडून निघाला. संध्याकाळी कवडूचा फोन आला, "वाचली, ताई!" धनंजय खाली मान घालून बसला होता. रूपालीने त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला.

आता वेबसाइट नव्या पद्धतीने लिहिली आहे. माझी जागा दुसऱ्या फाइलींनी घेतली आणि मी जुन्या फोल्डरात पडून आहे. पण परवा अंजूने मला उघडले. ती आता स्वतः हे काम शिकते. ओळ न ओळ वाचून तिने विचारले, "ताई, इथं असं काऊन लिवलं?"

"तवा मले एवढंच येत होतं," रूपाली म्हणाली. "पण चाललं ना!"

मित्रांनो, फाइलीला नाव देताना घाई करू नका. तिचे पूर्ण नाव, शेवटच्या टिंबापुढच्या अक्षरांसकट, डोळे उघडे ठेवून वाचा. पलीकडे कोणीतरी बटण दाबून वाट पाहत असते.